रेडे फौजदाराची पाठ

आबा रेड्याच्या पोटात बसले होते आणि काही केल्या बाहेर यायला तयार नव्हते.

"आबा, बाहेर या. मला चकती बसवायचीय."

"बसव की. मी कुठं न्हाई म्हंतोय? मी हितं बसतो, तू तितं बसव."

"दोघांना जागा नाही आत."

"मग चकती ऱ्हाऊ दे."

सकाळपासून हा संवाद तिसऱ्यांदा झाला होता. उद्याचा एक दिवस सोडला की परवा अकरा वाजता भूपालअण्णा मगदूम बघायला येणार होते, आणि माझा बाप रेड्याच्या पोटात मांडी ठोकून बसला होता. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटत होतं मला. तीही धड भिंत नव्हती. उद्यमनगरच्या मागचं गुळाचं रिकामं गोदाम आम्ही महिन्याभरासाठी घेतलं होतं. हंगाम संपला तरी भिंतींना गुळाचा चिकटा तसाच, जमिनीवर चप्पल ठेवली की चर्रकन आवाज यायचा, आणि मुंगळे तर असे, की जेवणाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवावा लागायचा.

रेडा म्हणजे खरा रेडा नव्हे. बांबूच्या कामट्या, गोणपाट, वर कागदाचा लगदा आणि प्लॅस्टर. साडेआठ फूट उंच, अंगात खाकी डगला, शिंगांवर तिरकी टोपी. हे रेडे फौजदार. माझ्या बापाच्या पिढीला त्यांची ओळख करून द्यावी लागत नसे. गावाबाहेरच्या माळावर तंबू थिएटर यायचं, त्यात मुख्य पिच्चरच्या आधी दहा मिनिटांचं एक काळं-पांढरं कार्टून दाखवायचे. त्यात हे रेडे फौजदार एका मुंगसाच्या मागं लागायचे. मुंगूस कुणाच्या तरी चुलीवरचं थालीपीठ पळवायचं, फौजदार त्याला धरायला धावायचे आणि प्रत्येक खेपेला तोंडावर आपटायचे. मुंगूस कधीच सापडलं नाही. आबा सांगायचे, पिच्चर बघायला पैसे नसले तरी लोक फौजदारापुरते तंबूच्या कडेनं आत घुसायचे.

भूपालअण्णाही त्यातलेच. सूतगिरणी झाली, पोल्ट्री झाली, आता हायवेला कागलच्या अलीकडे त्यांनी पार्क काढायला घेतलं होतं. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या सगळं बाहेरून आणणार, पण एक राइड त्यांना रेडे फौजदाराची हवी होती. ज्यांनी ते कार्टून काढलं होतं त्यांच्या मुलाकडून रीतसर कागद करून घेतला होता. ही बातमी मला कळली तेव्हा मी एका कन्सल्टंटच्या हाताखाली लोकांच्या संडास-बाथरूमचे नकाशे काढत होते. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत मी जे काही रेखलं होतं त्या सगळ्यात शेवटी पाणीच ओतलं जात होतं.

मी आठ दिवस रात्रीचा दिवस केला आणि अकरा प्रसंगांची राइड कागदावर काढून अण्णांच्या टेबलावर नेऊन ठेवली. चार जणांची गाडी, रुळावरनं जाणारी. पहिल्या प्रसंगात फौजदार स्वयंपाकघराची भिंत फोडून धावतात, भिंतीला शिंगांसकट रेड्याच्या आकाराचं भोक पडतं, आणि गाडी त्या भोकातून आत शिरते. मग शिट्टी गिळलेले फौजदार, तोंड उघडलं की शिट्टी वाजते आणि मुंगूस सावध होतं. असं करत करत शेवटी कडा. फौजदार धावता धावता कड्याच्या पुढं जातात, पायाखाली काही नाही, पण त्यांना पत्ता नाही. तिथं हवेत उभं राहून ते वही काढून पंचनामा लिहायला लागतात. हातातली पेन्सिल सुटते, खाली जाते. ते तिच्याकडे बघतात. मग आपल्याकडे बघतात. आणि मग, जरा थांबून, फौजदारही पडतात आणि त्यांच्याबरोबर आपली गाडीही चार फूट घसरते.

अण्णांनी ते सगळं दोनदा वाचलं. म्हणाले, मुंबईचे फायबरवालेही येऊन गेलेत, त्यांचं काम चकाचक असतं, पण त्यांना फौजदार कोण हेच माहीत नाही. मग म्हणाले, "शालन, तू तीन प्रसंग करून दाखव. मी हसलो, तर काम तुझं. राइडच्या दारावर बोर्ड लावीन. कल्पना आणि आराखडा, शालन केरबा सुतार."

तो बोर्ड मला तिथल्या तिथं दिसायला लागला. आमच्या घरातल्या कुणाचं नाव आजवर कुठल्या बोर्डावर लागलं नव्हतं. आबा, म्हणजे केरबा मिस्त्री, चाळीस वर्षं गणपतीतले हलते देखावे करत होते. कोल्हापुरातल्या निम्म्या मंडळांत त्यांचे राक्षस हात हलवायचे, त्यांच्या गवळणी दही घुसळायच्या, पण बोर्डावर नावं वर्गणीदारांची आणि नगरसेवकाची. ह्या वेळी मला ते होऊ द्यायचं नव्हतं. मला तो बोर्ड हवा होता, आणि बाथरूमला कायमचा रामराम ठोकायचा होता.

बांधणार अर्थातच आबा. दुसरं कोण? आणि तिथंच माझी परवड सुरू झाली.

नकाशा बघणं म्हणजे आबांना कमीपणा वाटायचा. मी कागद पसरला की ते त्यावर खिळ्यांचा डबा ठेवायचे. माप सांगितलं की म्हणायचे, "डोळ्याला बरं दिसतंय न्हवं, मग झालं." पण खरा तंटा त्या चकतीवरनं. मोटारीला जोडलेली लाकडी चकती, तिला चढउतार दिलेले, ती फिरली की फौजदारांचे डोळे खाली जातात, वर येतात, थांबतात, आणि मग फौजदार पडतात. मी सागाच्या तीन चकत्या कानशीनं घासून केल्या होत्या. हात सोलवटले होते. पहिलीत फौजदार फार लवकर पडायचे. दुसरीत इतका वेळ उभे राहायचे, की बघणाऱ्याला वाटावं मोटार बिघडली. तिसरी माझ्या मते बरोबर होती. आबांच्या मते नव्हती.

"हसू मोटारीला कळत न्हाई," ते म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं, की लोकांचा श्वास अडकतो तो आतून ऐकू येतो, आणि तो सुटायच्या जरा आधी दोरी सोडायची. रोज निराळे लोक, रोज निराळा श्वास. म्हणून बाकीचे दोन प्रसंग मोटारीवर, पण शेवटच्या प्रसंगाच्या दोऱ्या ते स्वतःच्या हातात धरणार; दोरी सोडली की फौजदारांचं कवच तेवढं खाली घसरणार, आबा आत जागेवरच.

मी म्हटलं, "आबा, हा गणपतीचा दहा दिवसांचा देखावा नाही. पार्क आहे. दर चार मिनिटांनी गाडी, दिवसाला दहा तास. तुम्ही बसणार आहात का रोज?"

"बसीन की."

आता ह्या माणसाशी काय बोलायचं? मी रागारागानं चकती गोणपाटावर फेकली आणि म्हटलं, ठीक आहे, परवा तुम्हीच बसा. अण्णांनी होकार दिला की मग मोटार बसवू. आबांनी रेड्याच्या पोटातून मान डोलावली आणि मला म्हणाले, जाता जाता तेवढे मुंगळे झटक.

परवाचा दिवस उजाडला. मी इस्त्रीची साडी नेसून साडेनऊलाच गोदामात हजर होते. रूळ आम्ही अँगलचे टाकले होते, गाडी म्हणजे मंडपवाल्याची ढकलगाडी, तिला चार खुर्च्या जोडलेल्या. ढकलायला बाजारातले दोन हमाल सांगितले होते. आबांना मी बजावलं होतं, की काही झालं तरी आवाज करायचा नाही, खोकायचंसुद्धा नाही. ते सकाळी सातलाच आत जाऊन बसले होते.

अण्णा बरोबर अकराला आले. सोबत त्यांचा इंजिनियर, आणि त्यांच्या आई. आईंना सगळे आक्का म्हणायचे. ऐंशीच्या पुढच्या, नऊवारी लुगडं, हातात काठी. त्यांना आणणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी शेवटी चार फूट घसरणार होती, म्हणून मी त्यांच्यासाठी बाजूला खुर्ची मांडायला गेले. पण आक्का स्वतःच पुढच्या खुर्चीत चढून बसल्या आणि म्हणाल्या, त्यांनीही तो रेडा तंबूत बघितलाय, त्यांना कोण अडवतंय ते बघू. अण्णा त्यांच्या शेजारी, मागं इंजिनियर आणि मी.

हमालांनी ढकललं. भिंतीच्या भोकातून शिंगांखालून गाडी आत गेली आणि अण्णा "अरे वा" म्हणाले. शिट्टीचा प्रसंग आला, फौजदारांनी तोंड उघडलं, शिट्टी वाजली, मुंगूस सटकलं. अण्णांचे खांदे हलायला लागले. इंजिनियर वहीत काहीतरी टिपत होता तो थांबला. मागच्या खुर्चीत बसून मी दोन्ही हातांनी पदर गच्च धरला होता.

मग कडा आला. फौजदार हवेत उभे. वही उघडली. पेन्सिल पडली. त्यांचे डोळे पेन्सिलीमागून खाली गेले आणि सावकाश वर येऊन आमच्यावर थांबले. किती थांबले असतील? मी घड्याळ लावलं नव्हतं. पण मला आतून ठाऊक होतं की आता, आणि आबांनी नेमकं तेव्हा सोडलं. फौजदार धाडकन खाली, आमची गाडी घरंगळली, आणि आक्का अशा काही खळाळून हसल्या, की त्यांची काठी रुळावर पडली. अण्णा हसले. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. मी हसलो तर काम तुझं, असं ते म्हणाले होते. झालं होतं माझं काम. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की जगात माझ्याइतकी सुखी बाई नाही.

मग गाडी वळली.

नकाशात मी रूळ गोल काढला होता, कारण गाडी परत दारापाशी यायला हवी. वरून बघितलेला नकाशा, सगळं नीट. कड्यामागच्या भागाला मी एक जाड रेघ मारून लिहिलं होतं, आतली बाजू. देखाव्याच्या घरात वाढलेली पोर मी. आतली बाजू म्हणजे जिथं कुणी जात नाही ती. लोक पुढून येतात, पुढूनच बघतात, पुढे सरकतात. आबांनी चाळीस वर्षांत एकाही मूर्तीची पाठ केली नव्हती. ह्या मूर्तींचीही केली नव्हती. आणि माझी गाडी चार माणसं घेऊन सरळ त्या जाड रेघेच्या मागं निघाली होती. महिनाभर आम्ही दोघांनी मिळून मापावरनं भांडणं केली, गाडी ढकलून बघितली तीही कड्यापर्यंतच, आणि हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

समोर रेडे फौजदारांची पाठ होती. म्हणजे नव्हतीच. उघड्या कामट्या, फाटकं गोणपाट, लगद्यासाठी वापरलेली निवडणुकीची जुनी पोस्टरं, त्यातला एक उमेदवार उलटा हात जोडून उभा. परातीत जेवणाचा डबा. आणि मधोमध, पालथ्या रॉकेलच्या डब्यावर, माझे आबा. अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी, आत उकडतं म्हणून धोतर खिळ्याला टांगलेलं. दोन हातांत दोन दोऱ्या, तिसरी पायाच्या अंगठ्यात, चौथी दातांत.

हमाल ढकलायचे थांबले. गाडी आबांच्या मागं तीन हातांवर उभी राहिली. आबांनी मान वळवून बघितलं.

मग आक्का हसल्या. मघाशी हसल्या ते काहीच नव्हे. त्या हसल्या, मग अण्णा, मग इंजिनियर, आणि मागून हमालसुद्धा. आबा दातांत दोरी धरून एकेकाकडे बघत होते. त्यांनी काय करावं? त्यांनी पायाचा अंगठा ओढला. पलीकडे फौजदारांचा हात वर गेला आणि सलाम ठोकला गेला. बसल्या जागी आक्कांना ठसका लागला, अण्णा डोळे पुसायला लागले. आबांनी पुन्हा अंगठा ओढला.

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. माझा बाप चड्डीवर बसलाय आणि पाच परकी माणसं त्याला हसतायत. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

अण्णा मागं वळून म्हणाले, "शालन, काम तुझं. बोर्डसुद्धा तुझा. फक्त एक कर, हे आहे असंच ठेव. मिस्त्री इथंच बसायचे. असेच. लोक पुढचं बघून हसतील आणि मागचं बघायला परत तिकीट काढतील."

इंजिनियर म्हणाला, की पगारावर ठेवता येईल, आठ तासांचं बघू. अण्णांनी मान हलवली.

मी खाली उतरले. पुढं काय बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. आठवू नये असं वाटतं, पण आठवतं.

"माझे आबा म्हणजे मदाऱ्याचं माकड नाही, अण्णा. त्यांना चड्डीवर बसवून तुम्ही तिकिटं लावणार असाल तर आम्हाला हे काम नको."

"अगं, तसं नव्हे..."

"नको म्हणजे नको."

अण्णांचा चेहरा उतरला. ते आबांकडे वळले. "केरबा, तुझं काय म्हणणं?"

आबांनी दातांतली दोरी काढली. तोंड उघडलं.

"ते काय म्हणणार?" मी म्हटलं. "मी सांगितलं ना."

आबांनी तोंड मिटलं. दोरी गुडघ्यावर ठेवली आणि ती बोटाला गुंडाळायला लागले. अण्णा मानी माणूस. त्यांनी हात जोडले, आईला उतरवून घेतलं. आक्का जाता जाता आबांपाशी थांबल्या, काहीतरी हळू म्हणाल्या, आणि काठी टेकत गेल्या. मोटारीचा आवाज लांब गेला. हमालांना मी पैसे देऊन वाटेला लावलं.

मग माझं तोंड सुटलं. अण्णांना श्रीमंतीचा माज आहे, इंजिनियर होयबा आहे, ती म्हातारी तर काय, हसायला काळवेळ नाही. भिंतीचा एक तुकडा मी लाथ मारून पाडला. आबांनाही सोडलं नाही. म्हटलं, तुम्हाला एक शर्ट घालता आला नाही का? एवढं सात वाजता येऊन बसलात, एक पाठ करायचं सुचलं नाही?

"कवा केलीया पाठ?" आबा म्हणाले. आवाज साधाच होता.

रूळ मीच काढला होता. मी दुसरा तुकडा पाडायला गेले.

"त्या म्हातारीला खाली योकच दात हाय," आबा मागून म्हणाले.

"काय?"

"आक्काला. खालच्या अंगाला, डावीकडं. हसली तवा दिसला." ते अजून डब्यावरच बसले होते. "आन् अण्णा हसताना डोळं मिटतोय. येवढा मोठा मानूस, बारक्या पोरावानी डोळं मिटून हसतोय."

मी वळून बघितलं. आबांच्या तोंडावर असं काही होतं, की माझा हात तसाच राहिला.

"चाळीस वरसं आत बसलो. लोकं हसत्यात ते आयकतोय. पर हसताना मानूस कसा दिसतोय, ते कुठं दिसतंय? समूर गोनपाट. वाकून बगावं तर हातातली दोरी चुकती. आज पैल्यांदा बगितलं."

"ते तुम्हाला हसत होते, आबा. तुमच्या चड्डीला."

"हसू देत की. चड्डी बी माझीच, रेडा बी माझाच. कशाला बी हसले तर मलाच न्हवं?"

मी त्यांच्यासमोर त्या चिकट जमिनीवर बसले, इस्त्रीची साडी घेऊन. मग विचारलं, मग बोलला का नाहीत? अण्णांनी तुम्हालाच विचारलं होतं.

"तू बोलत हुतीस," आबा म्हणाले. "चारचौघांत तुजा शबुद मोडायचा कसा?"

त्यांनी खिळ्यावरचं धोतर काढलं, नेसले, आणि डब्यातली भाकरी दोघांत वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या ऑफिसात गेले. जाताना वाटेभर वाक्य जुळवत होते. माझं चुकलं, आबांना बसायचंय, चड्डीवर बसायचंय, तुम्ही म्हणाल तसं. साधं वाक्य होतं. अण्णांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलायला लागले. म्हणाले, रात्रभर त्यांना चैन नव्हतं. चाळीस वर्षांच्या कारागिराला आपण सोंगासारखं बसवायला निघालो होतो, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं. हसली म्हणून आईलासुद्धा ते बोलले होते. मुंबईच्या लोकांना सकाळीच फोन करून काम देऊन टाकलं होतं, आणि आबांची माफी मागायला ते स्वतः घरी येणार होते.

"मुलगी असावी तर तुझ्यासारखी," ते म्हणाले. "बापाच्या मानासाठी एवढं मोठं काम लाथाडलंस."

आता मी काय सांगायचं होतं? की माझ्या बापाला मान नकोय, त्याला हसणारी माणसं हवी आहेत? अण्णांना मुंबईला पुन्हा फोन करून ते थांबवता आलं असतं. सकाळचे दहाच वाजले होते. पण त्या खुर्चीत, तो चहा पिताना, ती शाबासकी अंगावर घेऊन बसलेली मी, ते वाक्य काही केल्या तोंडातून काढू शकले नाही. मी चहा संपवला, येते म्हटलं आणि उतरले. आदल्या दिवशी रागानं घालवलं होतं, आज शहाण्यासारखं घालवलं.

अण्णा खरंच घरी आले, आबांना शाल दिली. आबांनी ती घेतली, पेटीत ठेवली आणि पुढच्या गणपतीचं सामान आणायला गेले. मी परत बाथरूमच्या नकाशांवर बसले.

पार्क दोन वर्षांनी सुरू झालं. अण्णांनी आठवणीनं दोन पास पाठवले. मी नको म्हणत होते, आबाच म्हणाले, जाऊ की. धुतलेलं धोतर, नवा सदरा घालून निघाले. रेडे फौजदाराच्या राइडला दारावर मोठा बोर्ड होता, त्यावर मुंबईच्या कंपनीचं नाव. आतली गाडी चार डब्यांची, गुळगुळीत. फायबरचे फौजदार चकाचक होते, त्यांना सगळीकडून पाठ होती, डगल्याला मागं शिवणसुद्धा रंगवली होती.

आम्ही पुढच्या डब्यात होतो. माझे कागद अण्णांकडेच राहिले होते; त्यातलाच कडा आला, पेन्सिल पडली, फौजदारांचे डोळे खाली गेले. मी आबांकडे बघितलं तर ते फौजदाराकडे बघतच नव्हते. सीटवर गुडघे टेकून ते मागं वळून बसले होते, दोन्ही हातांनी पाठीचा दांडा धरून, आणि मागच्या डब्यातल्या लोकांच्या तोंडांकडे बघत होते. मागं एक जोडपं होतं. ती बाई फौजदाराकडे बघून हसत होती. मग तिच्या लक्षात आलं, की पुढच्या डब्यातला म्हातारा आपल्याकडे टक लावून बघतोय. तिचं हसू थांबलं. तिनं पदर सावरला आणि दुसरीकडे बघायला लागली. नवरा आबांना म्हणाला, ओ आजोबा, पुढं बघून बसा.

आबा पुढं बघून बसले. गाडी घसरली, वळली, दारापाशी येऊन थांबली. उतरताना मी त्यांना हात दिला. बाहेर ऊन होतं, रांगेत पोरं कलकलत होती. दोन वर्षं जे मी बोलले नव्हते, ते तिथं त्या गर्दीत बोलले.

"आबा, त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

मला वाटलं, ते नेहमीसारखं म्हणतील, जाऊ दे गं, त्यात काय. माझ्या प्रत्येक चुकीला ते आजवर हेच म्हणत आले होते.

"व्हय," आबा म्हणाले. "इचारायला पायजे हुतं."

आणि ते एसटीच्या थांब्याकडे चालायला लागले.